वजन करायला शिनोलीला

परत आल्यापासून आइंडहोव्हनमधली मराठी मंडळी एकच गोष्ट विचारतात: पाच महिन्यांचं बाळ घेऊन डोंगराकडेच्या गावात सहा आठवडे राहिलात कसे? विचारणाऱ्यांत दोघी लवकरच बाळंत होणार आहेत, म्हणून जरा बैजवार लिहितो. शिनोली हे घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरचं गाव. ती माझी सासुरवाडी. मी मूळचा नागपूरचा, त्यामुळे त्या मुलखात मीही तसा परकाच.

आमच्या मुक्ताचा जन्म इथे हॉलंडमध्ये झाला. त्याबद्दल तक्रार नाही. सुईण सायकलवरून यायची. बाळंतपणानंतर आठ दिवस एक मदतनीस बाई घरी येऊन बाळाला अंघोळ घालायची, माझ्या बायकोला, अश्विनीला, निजायला लावायची आणि मला चहा कसा करावा ते शिकवायची. भेटायला येणाऱ्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे टोस्टावर साखरेत घोळलेली बडीशेप घालून दिली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "म्हंजी बाळंतशोपाच की." त्यांच्या व्हिसाचं जमलं नव्हतं. नवव्या दिवशी मदतनीस बाई गेली आणि घरात आम्ही तिघं उरलो. पुढे माझी सुट्टी संपली, मग अश्विनीची संपली. ती दुपारी उभ्यानं गार पाव खायची आणि मुक्ताला घड्याळाकडे बघत पाजायची.

चौथ्या महिन्यात मुक्ताचं वजन वाढेनासं झालं. इथल्या बालआरोग्य केंद्रात प्रत्येक मुलाचं एक पुस्तक असतं, त्यात वजनाचा आलेख असतो, आणि मुक्ताची रेघ आडवी झाली. तपासण्यांत काही सापडलं नाही. आमची तिकिटं आधीच काढलेली होती. केंद्रातली परिचारिका मार्लीन म्हणाली, जा, पण तीन अटींवर. दर आठवड्याला वजन करायचं. अंगावर एकही कपडा नको. आकडा त्याच दिवशी मला कळवायचा. तीन आठवड्यांत रेघ वर वळली नाही, तर मिळेल त्या विमानानं परत यायचं आणि मुक्ताला रुग्णालयात ठेवून नाकातल्या नळीनं दूध द्यायचं. निघताना तिचं वजन पाच किलो सहाशे ग्रॅम होतं.

इथे एक सांगून ठेवतो. मी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. दुसऱ्यांच्या मोजण्यातली चूक काढायचा पगार मला मिळतो.

माळशेज ते शिनोली

मुंबईहून आम्हाला न्यायला सासरे स्वतः गाडी घेऊन आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. आयुष्यभर एसटी चालवली, आता निवृत्त आहेत, पण थांबा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. माळशेज घाट चढून वर आलो तेव्हा डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. ओतूर, जुन्नर, मग घोडेगाव. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, द्राक्षांचे मांडव, आणि मध्येच उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेले आम्ही. दादांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. म्हणाले, "त्याला मागचं दिसतंय, पावणं. जागा असती तर दिली असती."

दारात भाकरतुकडा ओवाळून झाला. सासूबाईंनी मुक्ताला उचललं, क्षणभर हातात तोलल्यासारखं केलं. आत जाऊन त्यांनी लाल कापडाची पुरचुंडी आणली. तिच्यात पायांतले वाळे, हातांतल्या बिंदल्या आणि कमरेची साखळी होती, सगळी भरीव चांदी. पाच महिने ती मुक्ताची वाट बघत होती. काळ्या दोऱ्याचा करदोडाही बांधला. वाळे सैल होते, पाय झटकला की टाचेवरून निसटत. सासूबाई ते पुन्हा चढवत राहिल्या.

जेवायला मासवडी होती. नाव ऐकून मी मासे समजून काटे शोधत होतो, तर ती बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी निघाली. झणझणीत रश्श्याबरोबर चार खाल्ल्या. जावयानं वडीत काटे शोधले ही बातमी संध्याकाळपर्यंत चार घरांत पोचली होती.

टोमॅटोचं क्रेट

आठवडा झाला तेव्हा वजनाचा दिवस आला. मी निघताना आइंडहोव्हनहून काटा नेणार होतो, पण तो बॅगेत बसला नाही. दादांनी शेजारच्या बबनभाऊंचा भाजी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. मी त्याच्यावर आधी एक किलोचं आणि मग पाच किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा उत्तम होता. ओट्यावर तो समपातळीत बसवला, वर टोमॅटोचं प्लॅस्टिकचं क्रेट ठेवलं, आत दुपटं अंथरलं आणि आकडा शून्यावर आणला. बबनभाऊ म्हणाले, "राव, इतक्या निगुतीनं मी कदी मिरची पण मोजली न्हाई."

मुक्ताचं झबलं काढलं, लंगोट काढला, टोपरं काढलं. क्रेटमध्ये ठेवल्यावर ती मजेत हातपाय हलवत पडली. आकडा स्थिरावला: पाच किलो आठशे चाळीस.

मी तीनदा वाचला. एका आठवड्यात दोनशे चाळीस ग्रॅम. अश्विनी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. दादांनी बबनभाऊंसकट गल्लीत पेढे वाटले. मी मार्लीनला आकडा कळवला आणि खाली लिहिलं, अंगावर एकही कपडा नव्हता. ते अक्षरशः खरं होतं.

त्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नसायची. लेक परदेशातून पहिलं मूल घेऊन आलेली, तेव्हा प्रत्येक घरातून कुणीतरी बाळंतविडा घेऊन यायचं: झबली, डिंकाचे लाडू, हळीव. मंचरहून मावशी आल्या, नारायणगावहून आत्या. मुक्ता या मांडीवरून त्या मांडीवर जायची. रडली की तिसरी कुणीतरी उचलून अंगणात न्यायची, झाडावरचा काऊ दाखवायची, ती गप्प व्हायची. अश्विनी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये हसत ये-जा करायची. मला हे सगळं फार आवडलं होतं. हॉलंडमध्ये आमच्याकडे अशी एक मांडीसुद्धा नव्हती.

अंगणवाडीतली सकाळ

दुसऱ्या आठवड्यात गावच्या आशाताई घरी आल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आशा म्हणजे गावातल्या गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यावर लक्ष ठेवणारी, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. यांचं नाव रंजना. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, बोलणं तुटक. म्हणाल्या, "उद्या अंगणवाडीत मुलांची वजनं हायेत. तुमचं पण आना. पावणं असलं तरी मूल ते मूल."

अंगणवाडीत छताच्या हुकाला डिजिटल काटा टांगला होता आणि त्याला कापडाची झोळी. मी मुक्ताचं डच पुस्तक सोबत नेलं होतं, भाषा समजावून सांगायला. रंजनाताईंनी ते हातात घेतलं, सरळ आलेखाचं पान काढलं आणि आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "हितून थांबलंय." त्यांच्याकडच्या कार्डावरही तसाच आलेख होता. भाषेची गरजच पडली नाही. मी अभिमानानं नवा आकडा सांगितला.

त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. "आठ दिसांत इतकं?" आम्ही तिचे कपडे काढले. रंजनाताई म्हणाल्या, "आता ही चांदी उतरवा."

सासूबाई म्हणाल्या, "कापडं तर काढली की."

"वैनी, पोरीचं वजन करायचंय का सोनाराचं?"

वाळे काढायला काहीच कष्ट पडले नाहीत, रंजनाताईंनी नुसते ओढले. बिंदल्या निघाल्या, साखळी निघाली. झोळीत मुक्ता फार लहान दिसायला लागली. आकडा आला पाच किलो सहाशे चाळीस.

घरी येऊन मी चांदी बबनभाऊंच्या काट्यावर ठेवली. दोनशे दहा ग्रॅम भरली. म्हणजे दोन आठवड्यांत मुक्ता वाढली होती ती फक्त चाळीस ग्रॅम, आणि आम्ही पेढे वाटले होते ते चांदीचे. ही चूक मार्लीनच्या हातून कधी झाली नसती, कारण तिच्या लेखी अंगावर असेल ते सगळं काढायचंच असतं. आपल्याकडे मात्र वाळे आणि करदोडा हा बाळाचा भागच. मीही तसाच वाढलो. काटा तपासला, क्रेट तपासलं, आणि डोळ्यांसमोरची चांदी मला दिसलीच नाही. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी मार्लीनला सगळं खरं लिहिलं. तिचं उत्तर तासाभरात आलं: खरा आकडा कळवलात हे बरं केलंत, आणखी एक आठवडा बघू या, वाढ झाली नाही तर तिकिटं बदला. सासूबाईंनी चांदी लाल कापडात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. "आधी अंगाचं वजन होऊ दे," म्हणाल्या. अश्विनीनं दोन वेळा बॅग उघडली आणि बंद केली.

दार बंद

संध्याकाळ व्हायच्या आत रंजनाताई पुन्हा आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. तासभर फक्त बघत होत्या. त्या तासात सहा पाहुणे आले. मुक्तानं दोनदा तोंड वळवून दूध शोधलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी तिला काऊ दाखवायला नेलं. अश्विनी चहा गाळत होती.

"तिकडं काय करत व्हतीस?" त्यांनी तिला विचारलं. अश्विनीनं सांगितलं, तिकडे एकटीच असते, घड्याळ लावून पाजते. "तिकडं कुनीच न्हाई, हितं लईच. पोरीला प्यायला सवड कुठंय?" मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "वैनी, आठ दिस दार लावा. हिनं पोर छातीशी घेऊन पडून ऱ्हायचं. मागंल तवा पाजायचं. पाजून झालं की उरलेलं वाटीत काढून चमच्यानं द्यायचं. चहा दुसरं कुनी करंल."

आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे त्या घरात आजवर घडलेलं नव्हतं. सासूबाईंचा चेहरा उतरला. दादा मात्र उठले, प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि फाटकापाशी जाऊन बसले. सकाळी आत्या आल्या तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून हात केला.

"गाडी फुल्ल हाय. पुढल्या गाडीनं या."

आत्या रुसल्या, पण गेल्या. असे दिवसातून दहा-बारा जण गेले. तिसऱ्या दिवशी दादांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी पण दर घंट्याला आत जाऊन इचारता, प्याली का, प्याली का. तुमी बी पावणंच. चला, गाडी काढतो."

भीमाशंकर

अशा रीतीनं घराबाहेर काढला गेल्यामुळे माझा प्रवास झाला. डिंभे धरणाचं निळं पाणी उजवीकडे-डावीकडे दिसत राहिलं, मग चढ आणि दाट झाडी. या रस्त्यावर दादांनी इतक्या फेऱ्या केल्या आहेत की प्रत्येक वळण त्यांच्या ओळखीचं. एका वळणावर गाडी हळू करून म्हणाले, "हितं एक बाई गाडीतच बाळंत झाली. भीमाशंकरकडनं घोडेगावच्या दवाखान्यात नेत व्हतो. मी पुढं बघून चालवत ऱ्हायलो, मागं सगळ्या बायकांनी लुगडी धरली. पोरगा झाला. आता तो हिरड्याचा व्यापार करतो."

देवळाच्या पायऱ्यांवर धुकं होतं, दोन्ही बाजूंना पेढ्यांची आणि बेलफुलांची दुकानं. एक आजी हिरडा आणि मध विकत होत्या. दर्शनाच्या रांगेत मी मोबाइलला हात लावला नाही, कारण तिथे रेंजच नव्हती. देवापुढे काय मागितलं ते सांगायची गरज नाही. मी आकड्यात मागितलं.

पारगाव

दुसऱ्या दिवशी दादांना पारगावला कुणाला तरी भेटायचं होतं. साखर कारखाना चालू होता, हवेत मळीचा उग्र गोडसर वास, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांपाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथे एक तरुण बाई बाळाला पाजत बसली होती, आष्टीकडून आलेली. मी मुलाचं वय विचारलं. ती उठली, पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिला वाटलं मी तपासणीला आलोय.

कार्डावर दोन वेगवेगळ्या शायांत नोंदी होत्या, काही तिच्या गावच्या, काही इथल्या. "जिथं जाऊ तिथं हे न्यावं लागतं," ती म्हणाली. "न्हाई तर समदं पहिल्यापासनं सांगावं लागतं." मी तिला आमच्या पुस्तकाबद्दल सांगितलं, आम्हीही लांब राहतो म्हणालो. तिनं विचारलं, "मंग तुमच्याकडं बाळंतपनाला कोन आलं व्हतं?" मी म्हणालो, कुणी नाही. तिला माझी कीव आली. तिची सासू बाजूच्या खोपटात होती.

तिच्या बाळाची रेघ सरळ वर गेली होती. मला हेवा वाटला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

पुन्हा झोळी

आठवा दिवस. मुक्ताच्या अंगावर करदोड्याचा दोरा सोडून काही नव्हतं, आणि त्या दोऱ्याचं वजन शून्य भरतं हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. रंजनाताईंनी तिला झोळीत ठेवलं. अश्विनीनं डोळे मिटले होते. मी काट्याकडे न बघता रंजनाताईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि त्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही.

"पाच सातशे नव्वद," त्या म्हणाल्या आणि कार्डावर ठिपका मांडला. दीडशे ग्रॅम. दादा बाहेर गेले आणि खुर्ची पुन्हा फाटकापाशी मांडून बसले. पेढे या वेळी कुणी आणले नाहीत.

मार्लीननं मुक्काम पुरा करायला होकार दिला. पुढच्या आठवड्यात पाच किलो नऊशे साठ भरले. रंजनाताईंसाठी आम्ही साडी नेली तर त्यांनी ती सासूबाईंकडेच परत दिली. म्हणाल्या, द्यायचंच असेल तर त्या डच पुस्तकातल्या आलेखाच्या पानाचा फोटो द्या. बैठकीत इतर आशांना दाखवायचा होता.

जुन्नर

निघायच्या दोन दिवस आधी सासूबाईंनी कपाट उघडलं आणि ती लाल पुरचुंडी बाहेर काढली. बिंदल्या बसल्या. साखळी एक कडी पुढे सरकवून बसली. वाळे मात्र टाचेवरून जाईनात. त्यांनी तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिला. मुक्ता हसत होती. सासूबाई हातातले वाळे घेऊन तशाच बसून राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या, इतके दिवस राखून ठेवलेलं सगळं एकदम.

जुन्नरच्या बाजारात चांदीला डाग देणारे, म्हणजे दागिने सांधून देणारे, एक म्हातारे कारागीर आहेत, रशीदचाचा. शिवनेरीकडे जाणारे पाहुणे त्यांच्या दुकानापाशी रस्ता विचारायला थांबतात, त्यामुळे ते कंटाळलेले असतात. त्यांनी मुक्ताचा पाय तळहातावर घेतला, वाळा लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि हलक्या हातानं फाकवला.

"हे तर तान्ह्या पोराच्या मापाचे व्हते," ते म्हणाले. "चांगले बसले असतील तवा."

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तवा लई सैल व्हते."

चाचांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. वाळे घालून दिले आणि मजुरी घ्यायची नाही म्हणाले.

परत

आइंडहोव्हनला आलो त्याच आठवड्यात केंद्रात गेलो. बाहेर शून्याखाली दोन अंश, आत मार्लीनची उबदार खोली. अश्विनीनं मुक्ताचे वाळे काढले, आता ते मोकळे येतात, बिंदल्या काढल्या, साखळी काढली. मार्लीन ते सगळं टेबलावर रांगेत मांडलेलं बघत होती. शेवटी तिनं कमरेच्या काळ्या दोऱ्याकडे बोट केलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, हेसुद्धा? मी म्हणालो, हेसुद्धा. पुन्हा धोका पत्करायचा नव्हता. त्याचं वजन शून्य भरतं, हे तिला सांगून ती ऐकणारी नव्हती, आणि तिच्या जागी मीही ऐकलं नसतं.

सहा किलो एकशे तीस. तिनं पेन्सिलीनं ठिपका मांडला, पट्टी ठेवून रेघ ओढली, आणि ती रेघ वर गेली. मुक्ताला दाखल करायचं म्हणून रुग्णालयासाठी लिहून ठेवलेलं पत्र तिनं फाइलमधून काढून आमच्यासमोर फाडलं. मी खुर्चीत बसून रडलो. तिनं मला चहा दिला, कसा करायचा ते न सांगता.

तिथूनच शिनोलीला व्हिडिओ कॉल लावला. दादा फाटकापाशी खुर्चीवरच होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मी आकडा सांगितला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "चांदी उतरवून का?"

"सगळं उतरवून, दादा. करदोडासुद्धा."

फोन त्यांच्या हातातून ओढला गेला आणि पडद्यावर सासूबाईंचा चेहरा आला. वजन त्यांनी ऐकलंच नव्हतं बहुतेक, किंवा ऐकून ते कुठेतरी ठेवून दिलं होतं.

"करदोडा पन काढला? अहो पावणं, पोर नागडी हाय अजून. आधी तो बांधा, मंग बोला."

फोन टेबलावर टेकवून ठेवला. अश्विनीनं मुक्ताला धरलं, मी दोरा बांधला. पहिली गाठ आली नाही, कारण दोरा जुन्या गाठीच्या खुणेवर पुरेना. एक बोट पुढे धरून पुन्हा बांधला.